डिफरन्शियल लॉकची कुळकथा

डिफरन्शियल लॉक एकाच अॅक्सलवरची दोन चाके सारख्याच वेगाने फिरायला लावतो. त्याची कुळकथा डिफरन्शियलपासून सुरू होते, कारण लॉकचा जन्म त्याच्याच उणिवेतून झाला. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. दोन्ही चाके एका दांड्यावर घट्ट बसवली तर एक फरफटत जाते. ओनेसिफोर पेकर या फ्रेंच यंत्रज्ञाने १८२७ मध्ये वाफेच्या गाडीसाठी यावर दातेरी चक्रांचा उपाय काढला; तेच डिफरन्शियल. इंग्लंडच्या जेम्स स्टार्लीने १८७७ मध्ये तो तिचाकी सायकलीला लावला, आणि पुढे मोटारीनेही तोच स्वीकारला.

साधे डिफरन्शियल दोन्ही चाकांना जवळजवळ सारखाच जोर देते. कोरड्या डांबरी रस्त्यावर हे योग्यच. शहापूर-मुरबाडच्या पावसाळ्यात मात्र हाच गुण आड येतो. डोळखांब किंवा टोकावड्याकडच्या एखाद्या शेतवाटेवर मागचे एक चाक बांधावर आणि दुसरे खाचरात आले की खाचरातले चाक चिखलात गरगर फिरते. त्याला पकड नसल्याने ते जेमतेम जोर घेते आणि तेवढाच जोर बांधावरच्या चाकाला मिळतो. फोर-व्हील-ड्राइव्ह असूनही सुटका होईलच असे नाही: पुढचे डावे आणि मागचे उजवे चाक अधांतरी आले तर तीच दोन फिरत राहतात. दुसऱ्या महायुद्धातली जीप मूळची अशाच साध्या डिफरन्शियलची होती. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रने ती मुंबईत माझगावात जोडायला घेतली, तेव्हा हा दोषही तिच्याबरोबर आला.

शहापूर-मुरबाड भागात लॉकची खरी ओळख करून दिली ती ट्रॅक्टरने. चिखलणी करताना एक चाक घसरले की चालक टाचेजवळचे पेडल दाबतो आणि दोन्ही मागची चाके एक होतात. पेडल दाबण्याआधी चाकाचे फिरणे थांबवावे लागते, नाहीतर आतले दाते एकमेकांवर आदळून तुटतात. लॉक लागलेला असताना वळायचे नसते. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकांचे ब्रेकही वेगवेगळे असतात. फिरणारे चाक ब्रेकने अडवले की जोर दुसऱ्याकडे जातो. आजच्या गाड्यांमधली इलेक्ट्रॉनिक ब्रेक-यंत्रणा हेच काम संगणकाकडून करून घेते, पण चाक घसरल्यानंतरच. लांबलचक चढावर ब्रेक तापतात ते वेगळेच.

या कुळाची दुसरी शाखा शर्यतीतली. १९३० च्या दशकात जर्मनीच्या झेडएफ कंपनीने ऑटो युनियनच्या शर्यतीच्या गाड्यांसाठी मर्यादित घसरणीचे डिफरन्शियल बनवले. अशा जातीच्या एका प्रकारात घर्षणाच्या चकत्या दोन चाकांमधला वेगाचा फरक दाबून धरतात. वळण मोकळे राहते, घाटातल्या ओल्या रस्त्यावर गाडी आटोक्यात राहते. पण चकत्या झिजतात आणि त्यांना त्यांचेच तेल लागते. गिअरवर चालणारा टॉर्सन प्रकार फारसा झिजत नाही, मात्र तो कमी पकडीच्या चाकावरच्या जोराच्या काही पटच दुसऱ्याला देऊ शकतो. एक चाक हवेत गेले की शून्याची कितीही पट शून्यच. तेव्हा हलका ब्रेक दाबून त्या चाकावर थोडा भार आणावा लागतो.

महिंद्र थारला २०१५ मध्ये मागच्या अॅक्सलवर ईटन कंपनीचा मेकॅनिकल लॉक मिळाला. चाकांच्या वेगात मिनिटाला सुमारे शंभर फेऱ्यांचा फरक पडला की आतली वजने उघडतात आणि तो आपोआप बसतो. वेग वाढल्यावर मात्र बसत नाही. चालकाला काहीच करावे लागत नाही, ही मोठी सोय. पण बसण्यासाठी चाकाला आधी फिरावेच लागते, आणि चिकणमातीत तेवढ्या फिरण्यानेही टायर खड्डा खणून त्यात उतरतो. खडकाळ पायथ्याला हा प्रकार उत्तम, भाताच्या चिखलाला दुय्यम.

चिखलासाठी खरा उपयोगी तो हाताने लावायचा लॉक. ऑस्ट्रेलियाच्या एआरबी कंपनीने १९८७ मध्ये हवेच्या दाबाने बसणाऱ्या लॉकचे हक्क घेतले आणि तो जगभर पोहोचवला. पुण्याच्या फोर्स मोटर्सच्या गुरखात २०१३ पासून पुढे-मागे दोन स्वतंत्र लॉक मिळू लागले. चिखलात शिरण्याआधीच लॉक लावता येतो, हा यातला सर्वांत मोठा फायदा. आधी मागचा लावावा. तेवढ्याने भागत नसेल तरच पुढचा, तोही सरळ जाताना, कारण पुढचा लागला की स्टीअरिंग जड होते. माळशेज किंवा कसारा घाटाच्या डांबरावर दोन्ही काढूनच ठेवावेत, नाहीतर वळणावर टायर घासतात आणि गाडी सरळ जाऊ पाहते.

त्यामुळे निवड करताना गाडी वर्षभर कुठे फिरते, हे आधी पाहावे. डांबरी रस्ता जास्त आणि शेतवाट अधूनमधून असेल तर मागचा आपोआप बसणारा लॉक पुरतो. चार महिने रोज खाचरांतून जायचे असेल तर हाताने लावायचा लॉक हवाच, आणि एकच परवडत असेल तर तो मागे. मात्र अॅक्सलवरची दोन्ही चाके एकाच निसरड्या चिखलात रुतली असतील तर लॉक कुठूनही पकड आणू शकत नाही. तिथे खोल नक्षीचा टायर आणि कमी केलेली हवाच कामी येते.