‘गोणी’ ते ‘गनी’ : एका शब्दाचा व्यापारी प्रवास

प्रस्तावना :
अनेक कापडांची नावे गावांवरून पडली आहेत. कालिकतवरून ‘कॅलिको’, मुंबईतील डोंगरीवरून ‘डंगरी’ आणि बेल्जियममधील डफेल गावावरून ‘डफेल’ ही त्याची परिचित उदाहरणे होत. ‘गनी’ हे इंग्रजी नाव मात्र गावावरून नव्हे, तर वस्तूवरून आले. भारतीय भाषांतील ‘गोणी’चे ते रूपांतर असून पोते आणि पोत्याचे कापड या दोहोंसाठी ते वापरले जाते. या नामकरणामागील आर्थिक इतिहासाचा प्रस्तुत लेखात थोडक्यात परामर्श घेतला आहे.

शब्दाची प्राचीनता :
पाणिनीच्या ‘अष्टाध्यायी’त (४.१.४२) धान्यादी भरण्याचे साधन या अर्थी ‘गोणी’ हे रूप सांगितले आहे. दुसऱ्या एका सूत्रानुसार (१.२.५०) पाच गोण्या देऊन घेतलेली वस्तू ‘पञ्चगोणि’ ठरते. ‘शार्ङ्गधरसंहिते’त दोन शूर्पांची एक गोणी असे माप दिले आहे. म्हणजेच गोणी हे भरण्याचे साधन होते, परिमाण होते आणि विनिमयाचे माध्यमही होते. ती कोणत्या धाग्याची, हे त्या शब्दात अभिप्रेत नव्हते. मराठीने हा भेद राखला आहे : भरावयाची ती ‘गोणी’, कापड ते ‘गोणपाट’.

बंगालचा ताग आणि जागतिक बाजारपेठ :
तागाचे हे कापड बंगालमधील विणकर हातमागावर विणत व त्यास ‘चट’ म्हणत. तागाच्या गिरणीस बंगालीत आजही ‘चटकल’ म्हणतात. १८३० च्या दशकात स्कॉटलंडमधील डंडी येथे यंत्रावर तागाची सूतकताई सुरू झाली. १८५५ मध्ये कोलकात्याजवळील रिश्रा येथे भारतातील पहिली ताग गिरणी उभी राहिली. धान्य, कापूस, कॉफी यांच्या वाहतुकीमुळे पोत्यांची मागणी वाढत गेली. धाग्याचे ‘जूट’ हे नाव बंगाल-ओडिशाच्या बोलींतून इंग्रजीत गेले. कापडाचे ‘चट’ हे नाव मात्र मागेच राहिले. हिंदी, मराठी, कन्नड, तमिळ अशा अनेक भाषांत ज्याची रूपे आहेत, तो ‘गोणी’ शब्दच व्यापारात रूढ झाला.

निष्कर्ष :
विणकराच्या दृष्टीने ते कापड होते, तर व्यापाऱ्याच्या दृष्टीने माल भरण्याचे साधन. नाव टिकले ते व्यापाऱ्याच्या गरजेतून; म्हणूनच पिशवीचे नाव कापडालाही मिळाले. निर्मात्याचा शब्द मागे कसा पडतो, हे अशा शब्दांतून उमगते. आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकाने व्युत्पत्तीकडेही एक साधन म्हणून पाहणे आवश्यक ठरते, ते याच कारणाने.