लकवा म्हणजे काय? गुठळीमुळे होणाऱ्या पक्षाघाताचे प्रकार आणि धोके

नांदेड-लातूरच्या गावांत ज्याला 'लकवा मारला' किंवा 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात, तो पक्षाघात म्हणजेच स्ट्रोक. ही करणी नाही की देवाचा कोप नाही. मेंदूचा रक्तपुरवठा बिघडल्याने हा आजार होतो. रक्तवाहिनी फुटली तर तो रक्तस्रावी पक्षाघात आणि गुठळीने बंद झाली तर इस्केमिक पक्षाघात. बहुसंख्य रुग्ण या दुसऱ्या प्रकारातले असतात.

प्रकार

१९९३ च्या 'टोस्ट' वर्गीकरणात इस्केमिक पक्षाघाताचे पाच गट आहेत:

१. मोठ्या रक्तवाहिनीतील अडथळा: मानेतील किंवा मेंदूतील धमनीत चरबीचा थर साचतो व त्यावर गुठळी होते.

२. हृदयातून आलेली गुठळी: ठोके अनियमित असणे किंवा झडपा खराब असणे हे कारण. बालपणीच्या रुमॅटिक तापाने झडपा खराब होतात. हा ताप दाटीवाटीच्या, गरीब वस्त्यांत अधिक आढळतो.

३. बारीक रक्तवाहिनी बंद होणे: मुख्यतः दीर्घकाळचा रक्तदाब आणि मधुमेह यांमुळे.

४. इतर निश्चित कारण: उदाहरणार्थ सिकलसेल. किनवट-माहूरकडील आदिवासी समाजात आणि विदर्भातील बौद्ध समाजात हा आजार आढळतो. त्यामुळे लहान मुलांनाही पक्षाघात होऊ शकतो.

५. कारण न सापडलेला.

धोके

वय आणि आनुवंशिकता आपल्या हाती नाही. उच्च रक्तदाब, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल, दारू, विडी आणि तंबाखू यांना मात्र आळा घालता येतो. यातला सर्वांत मोठा धोका रक्तदाबाचा. तो बहुधा दुखत-खुपत नाही, म्हणून 'बरं वाटतंय' म्हणत गोळी बंद केली जाते.

लक्षणे दिसताच

तोंड वाकडे होणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, बोबडी वळणे. हे काही मिनिटांत आपोआप बरे झाले तरी तो पुढच्या झटक्याचा इशारा असतो.

गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते, तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावर. किनवटहून नांदेड शंभर किलोमीटरहून दूर आहे. अशा वेळी आधी लकव्याचे झाडपाल्याचे औषध घ्यायला गेले की ही मुदत वाटेतच संपते. म्हणून १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्यायला सांगा. लक्षणे सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवा. तोंडाने पाणी, औषध किंवा ॲस्पिरिन देऊ नका.

कार्यकर्त्यांसाठी

तीस वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर तपासणे हे सरकारी आरोग्य कार्यक्रमाचे काम आहे. उपकेंद्रात ही तपासणी मोफत होते. विहारातील बैठकीला आशाताई आणि आरोग्यसेविकेला बोलवा, तपासणी तिथेच करून घ्या. कोणाची गोळी सुटली आहे याची वस्तीनिहाय यादी ठेवा आणि उपकेंद्रात औषध संपले असेल तर लेखी मागणी करा.