कंस गेला, रेष आली

मराठवाड्यातल्या कंधार तालुक्यात शेतीच्या भांडणात जुना कागद निघतो तो बहुधा खासरा पत्रक, म्हणजे शेतवार पाहणीची नोंद. निजामाचं राज्य १९४८ साली संपलं, तरी दप्तर लगेच बदललं नाही. १९५४-५५ची खासरा पाहणी हैदराबाद राज्याचीच. मराठवाडा मुंबई राज्यात आला तो १ नोव्हेंबर १९५६ला. त्याआधीच्या कागदांत उर्दू आहे, मोडीही आहे.

पुढे रुळला तो सातबारा. नमुना सात हक्काचा, बारा पिकांचा. म्हणजे आडव्या ओळी, उभे रकाने आणि तलाठ्याचं अक्षर. ते लागलं तर नशीब! खातेदार वारला की नाव खोडायचं नाही, त्याला कंस करायचा. दोन-तीन पिढ्यांत पान कंसांनीच भरून जाई आणि आज मालक कोण, हे बोटानं शोधत बसावं लागे.

 सातबारा पुढे संगणकावर चढला, पण जुना गोंधळ बरोबर घेऊनच.

खरी आवराआवर झाली सप्टेंबर २०२०मध्ये. गावाच्या नावाशेजारी कोड आला. लागवडीयोग्य आणि पोटखराब क्षेत्राची एकत्र बेरीज दिसू लागली. इतर हक्कात पडलेला खाते क्रमांक नावाजवळ सरकला, दोन खातेदारांमध्ये तुटक रेघ आली. मयताच्या नावाचा कंस जाऊन त्यावर आडवी रेष आली. बदल नुसता मांडणीचा, पण वाचणाऱ्याचा अर्धा ताप गेला.

भाऊबंदकीचा मात्र रकाना अजून कुणी आखलेला नाही.