हुजूर साहिबची मर्यादा

नांदेड येथील तख्त सचखंड श्री हुजूर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे धर्मविषयक निर्णयाचा अधिकार असलेल्या पीठांपैकी एक असले, तरी तेथील उपासनेची रीत, जिला शीख परंपरेत ‘मर्यादा’ म्हणतात, ती अमृतसरच्या रीतीहून बरीच निराळी आहे. हे निराळेपण हिंदू शेजाराच्या माथी मारण्याचा प्रघात आहे. तो सर्वस्वी निराधार नसला, तरी अपुरा आहे.

दहावे गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये, बादशहा बहादूरशहा दक्षिणेच्या मोहिमेवर असताना, नांदेडला आले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात तेथेच निवर्तले. त्यांच्या दहनस्थानास ‘अंगिठा’ म्हणतात. गुरुद्वाऱ्याचा गाभारा त्यावरच उभा आहे. सध्याची वास्तू महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात, निजामाच्या मुलखात, बांधवली.

येथे पहाटे गोदावरीचे पाणी गागरीतून आणून वास्तू धुतली जाते. आदिग्रंथाबरोबर, म्हणजे शिखांच्या मुख्य धर्मग्रंथाबरोबर, गुरू गोविंदसिंगांच्या नावाशी जोडलेल्या दशम ग्रंथाचाही ‘प्रकाश’ होतो, म्हणजे तो विधिपूर्वक उघडून मांडला जातो. गुरूंच्या शस्त्रांनाही पूज्य मानले जाते, आणि सायंकाळी दिवे ओवाळून आरती होते. वाद होतो तो मुख्यतः या आरतीवरून. कारण गुरू नानकांच्या आरतीविषयक रचनेचा रोखच मुळी तबकातल्या दिव्यांपलीकडे नेणारा आहे, आणि शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने १९४५ मध्ये संमत केलेल्या ‘रहित मर्यादा’ या आचारसंहितेने दिव्यांची आरती त्याज्य ठरवली आहे.

तथापि ही संहिता ज्या सुधारणेतून आली, ती सिंग सभेची चळवळ पंजाबातली होती. अमृतसरच्या हरिमंदिराच्या परिक्रमेतील हिंदू देवतांच्या मूर्ती हलवल्या गेल्या त्या १९०५ मध्ये. अर्थात तोवर तेथील उपासनाही आजच्याइतकी एकसाची नव्हती. गुरुद्वारे या समितीच्या ताब्यात देणारा १९२५ चा कायदा पंजाबपुरताच होता. निजामाच्या राज्यातील नांदेडला त्याची झळ लागली नाही, आणि निजामाच्या चाकरीत आलेल्या शीख सैनिकांच्या वंशजांनी, म्हणजे दख्खनी शिखांनी, जुनी वहिवाट चालू ठेवली. नांदेडच्या प्रथांमध्ये स्थानिक भर किती आणि सुधारणापूर्व शीख आचाराचा अवशेष किती, हे प्रत्येक विधीपुरते स्वतंत्रपणे तपासावे लागते. १९५६ मध्ये हैदराबाद राज्याने केलेल्या कायद्यानेही या गुरुद्वाऱ्यासाठी वेगळे मंडळ नेमले, आणि कारभार अमृतसरकडे गेला नाही.