पोटगीचा आकडा येतो कुठून?

पवनीच्या बैठकीत आम्हाला बाया विचारतात, “नवरा म्हणतो कमाईच नाही, मग लेकराला पोटगी कशी मिळणार?”

1898 च्या कायद्यात पोटगी महिन्याला जास्तीत जास्त 50 रुपये होती. 1955 साली ही मर्यादा 500 झाली, 2001 साली निघूनच गेली. मग प्रश्न उरला, बापाची खरी कमाई किती? नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून निघालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 4 नोव्हेंबर 2020 रोजी सांगितले: दोघांनीही उत्पन्न-मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे; पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळावी. धडधाकट माणसाने नुसते ‘कमाई नाही’ म्हणून भागत नाही. शिक्षण, कामधंदा, राहणीमान पाहून न्यायालय कमाईचा अंदाज बांधते.

म्हणून बायांनो, त्याच्या कामाचे, शेतीचे, गाडीचे कागद जपा. अर्जाला उशीर करू नका.