मामंजींची खेचरगाडी

मीरा रोडला राहायला आलो तेव्हा आमच्या गॅलरीतून मिठागरं दिसायची. दिवेलागणीला तिथे बसून आजी तिच्या मामंजींची, म्हणजे माझ्या पणजोबांची, गोष्ट सांगायची. पहिल्या महायुद्धात ते मराठा पलटणीतून इराकमधल्या बसऱ्याला गेले होते. "मामंजी गोळीनं नाही रडले, गाडीनं रडले," हे तिचं ठरलेलं वाक्य.

ती गाडी कुठली, हे पुढे वाचनातून कळलं. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला ब्रिटिश हिंदी फौजेची पुणे डिव्हिजन तुर्कांशी लढली. चार हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली आणि जखमींना न्यायला पुरेशी साधनंच नव्हती. मोडलेल्या मांडीची, पोटात गोळी लागलेली माणसं सामानाच्या खेचरगाड्यांत घातली. त्या गाड्यांना स्प्रिंग नव्हत्या. प्रत्येक दगड हाडात उतरायचा. नदीवर पोचल्यावर आगबोटी आणि पडाव. बसरा गाठायला कित्येकांना बरेच दिवस लागले. "अंगाखालचं काढायला कुणी नव्हतं गं बाई," हे आजी आवाज खाली आणून सांगायची आणि मग बराच वेळ गप्प बसायची.

बसऱ्याला मेजर कार्टर नावाच्या डॉक्टरांनी अशी एक बोट आलेली पाहिली आणि तक्रार केली. वरिष्ठांनी त्यांनाच दमात घेतलं. ते मागे हटले नाहीत. १९१७ साली या मोहिमेच्या चौकशी आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि ब्रिटनचे भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. आपल्या फौजी गावांत या कार्टरचं नाव पोरासोरांना माहीत असायला हवं होतं.

आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, तोंडी दुसरी गोष्ट असते. ते 'ईएमई'त, म्हणजे सैन्याच्या यंत्रदुरुस्तीच्या खात्यात होते, म्हणून मुरलीकांत पेटकरांचं नाव काढलं की "आपल्या खात्यातला माणूस!" १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून पेटकरांचं कमरेखालचं अंग लुळं पडलं. कुलाब्याच्या 'अश्विनी' या नौदलाच्या रुग्णालयात उपचार म्हणून ते पाण्यात उतरले आणि १९७२ साली हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्याचं सुवर्णपदक घेऊन आले. "नुसतं जगवलं नाही, पोहायला लावलं त्याला," आबा म्हणतात.

माजी सैनिकांसाठी १ एप्रिल २००३ पासून 'ईसीएचएस' ही आरोग्य योजना आली. आबांच्या खिशात तिचं कार्ड असतं, पण मोठ्या तपासणीला त्यांना 'अश्विनी'च लागतं. त्यासाठी आधी लोकलने चर्चगेट गाठायचं, मीरा रोडहून सुमारे ४० किलोमीटर. सकाळची गाडी विरारहूनच भरून येते. दुखऱ्या गुडघ्यांनी आबा दोन गाड्या सोडतात, तिसरीत मी त्यांना खांद्याने आत सारतो. रुग्णालयाच्या फाटकातून आत गेले की मात्र त्यांची पाठ आपोआप ताठ होते. आत सगळं नीट होतं. आजीच्या मामंजींसारखी त्यांचीही परीक्षा वाटेतच होते.

तुमच्या सोसायटीत एकटे राहणारे कुणी निवृत्त फौजी असतील, तर त्यांच्या तपासणीची पुढची तारीख आजच विचारून ठेवा आणि त्या दिवशी त्यांच्याबरोबर जा.