सभासदांची यादी नसलेल्या संस्थेचा इतिहास

संशोधनपद्धतीच्या पहिल्याच तासाला आपल्याला सांगतात, आधी नोंदी शोधा. हजेरीपट, सभासदांची यादी, सभांची इतिवृत्तं. पण जिच्याकडे अशी यादीच नाही, आणि मुद्दामच नाही, त्या संस्थेचं काय करायचं? दारू सोडू इच्छिणाऱ्यांची अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे ए.ए., ही तशी संस्था. तिच्याकडे मी वाचनातून नाही, घरातून पोचलो.

आरे-वारे म्हटलं की तुम्हाला वळणावरून दिसणारे दोन जुळे किनारे आणि सुरूची झाडं आठवतील. मला तिथली रत्नागिरीकडे जाणारी एसटी आठवते. माझ्या एका काकांना दारू सोडायची होती. (कोणते काका ते सांगत नाही, गावात मला काका पुष्कळ आहेत.) अडचण अशी की गट जवळ हवा, तरच दर आठवड्याला जाणं होईल. आणि लांबही हवा, नाहीतर दारातच कोणीतरी विचारणार, "काय रे, इकडे कुठे?"

आम्ही आधी डॉक्टरांकडे गेलो, आणि हे तुम्हीही लक्षात ठेवा. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, म्हणजे त्यासाठी मुंबई-पुणे गाठायची गरज नाही. गटाचा फोन नंबर डॉक्टरांनीच दिला. फोनवरच्या माणसाने काकांचं नाव विचारलं नाही, फक्त "सोडायचीय ना?" एवढंच विचारलं.

ही नाव न विचारण्याची रीत आली कुठून? 1840 मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात सहा पिणाऱ्यांनी मिळून 'वॉशिंग्टोनियन' चळवळ सुरू केली. ती झपाट्याने पसरली. भरसभेत नावानिशी कबुली, गाजणारे वक्ते, मग दारूबंदीचं राजकारण. काही वर्षांतच ती विरली. 1935 मध्ये ॲक्रन गावात बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ यांच्या भेटीतून ए.ए. उभी राहिली. 1950 मध्ये स्वीकारलेल्या बारा परंपरांमध्ये वॉशिंग्टोनियनांचा धडा दिसतो. सभासदत्वाची अट एकच, पिणं थांबवण्याची इच्छा. बाहेरची देणगी नाही, बाहेरच्या वादात पडणं नाही, प्रसिद्धीत नाव नाही.

भारतात ए.ए. आली 1957 मध्ये, आणि मुंबईतला गटही त्याच वर्षीचा. आता ही तारीख 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याशेजारी ठेवून बघा. परवान्याशिवाय दारू पिणं तेव्हा गुन्हा होता. अशा शहरात "मी दारुडा आहे" म्हणायचं, तर नाव लपवणं ही नुसती भिडेची गोष्ट उरत नाही. दोन साध्या तारखा शेजारी ठेवल्या की प्रश्न कसा तयार होतो, ते इथे दिसतं.

याच्या उलट उदाहरण पुण्याचं मुक्तांगण. 29 ऑगस्ट 1986 ही स्थापनेची तारीख, डॉ. अनिता आणि अनिल अवचट हे संस्थापक, पु. ल. देशपांडे यांची मदत, सगळं छापील सापडतं. म्हणून व्यसनमुक्तीचा मराठी इतिहास लिहायला बसलं की मुक्तांगणावर प्रकरण होतं आणि ए.ए.वर परिच्छेद. कागद जास्त म्हणजे काम जास्त, असं मात्र नसतं.

मग गटाचा उपयोग होतो हे मोजायचं कसं? जे टिकतात तेच दिसतात, सोडून गेलेले मोजणीत येत नाहीत. यावर संशोधकांनी युक्ती काढली. गटाला हातच लावायचा नाही. रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं विभागायचं, काहींना समुपदेशक पद्धतशीरपणे ए.ए.कडे वळवणार, काहींना दुसरे उपचार. 2020 च्या कॉक्रेन आढाव्यात असे आणि इतर मिळून 27 अभ्यास, 10,565 माणसं होती. वर्षभरानंतर पूर्ण दारूमुक्त राहिलेले ए.ए.कडे वळवलेल्यांत सुमारे 42 टक्के, इतर उपचारांत 35 टक्के. फरक आहे, पण जादू नाही. निम्म्याहून जास्त लोक दोन्हीकडे अडखळले, हेही त्याच आकड्यांत आहे.

काकांबरोबर मी गेलो तो खुल्या मीटिंगला. तिथे कोणीही बसू शकतं, बंद मीटिंग फक्त पिणाऱ्यांसाठी. (घरच्यांसाठी 1951 पासून अल-ॲनॉन हा वेगळा गट आहे.) सवयीने मी वही काढली. शेजारच्या गृहस्थांनी हळूच विचारलं, "लिहिणार आहात का?" आवाजात राग नव्हता. मी वही गाडीच्या डिकीत ठेवून आलो. त्या तासाभरात जे ऐकलं ते कुठल्याही मुलाखतीत मला मिळालं नसतं, आणि त्यातलं एक वाक्यही मी इथे देणार नाही.

तुम्ही उद्या फील्डवर जाल तेव्हा हा प्रसंग येईल. परवानगी आधी, वही नंतर. आणि काही वेळा परवानगी मिळाली तरी वही बंदच ठेवावी लागते. हा लेख टाकण्याआधी काकांना वाचून दाखवला. त्यांनी दोन वाक्यं काढायला सांगितली. काढली.